भाट्याची पालखी आणि तिसरा मजला

रत्नागिरी शहर संपलं की खाडीवरचा लांब पूल लागतो, आणि पूल उतरला की भाट्ये. पूर्वी त्याला गाव म्हणत. आता उपनगर म्हणायचं, असं माझी नात ऋचा म्हणाली. तिच्या मोबाइलात तसं लिहिलेलं होतं. भाट्यात आणि आसपास काय पाहाल, तेही त्यात होतं: किनारा, सुरूचं बन, झरीचा गणपती, मांडवीची जेट्टी, किल्ला, दीपगृह, राजवाडा. मी विचारलं, "त्यात वच्छी नाही का?" नाही म्हणाली. मोबाइलवरचा माझा विश्वास तिथेच उडाला.

वच्छी म्हणजे वत्सला. पोफळीच्या कॉलनीत माझी शेजारीण. आमच्या दोघींचे नवरे डोंगराच्या पोटातल्या वीजघरात कामाला. दिवसभर महाराष्ट्राला उजेड द्यायचे आणि घरी आल्यावर म्हणायचे, जरा दिवा लाव गं. दोघेही आता नाहीत. निवृत्तीनंतर मी कराडला माहेरच्या गावी गेले, वच्छी भाट्याला सासरच्या घरी. होळीच्या आधी तिचा फोन आला.

"नले, शिमग्याला ये. पालखी घरी येईल की नाय, माहीत नाय. नाय आली तर रडायला कोण तरी ओळखीचं हवं."

ऋचाला सुट्टी होती, गाडी होती, समुद्र हवा होता. मला वच्छी. निघालो.

भाट्ये, संध्याकाळ

आत्ताच्या भाट्याबद्दल लिहिण्याआधी एका बाईंची ओळख करून देते. मी भाट्याला पहिल्यांदा आले तेव्हा लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. त्या वेळच्या नलिनीबाई मॅट्रिकला इंग्रजीत बरे गुण मिळवलेल्या, आणि आपण दिसायला एका नटीसारख्या आहोत अशा समजुतीत वावरणाऱ्या. नटी दर महिन्याला बदलायची, समजूत कायम. शिमग्यासाठी वच्छीने त्यांना आपल्या घरी आणलं, तर समुद्र पाहायचा म्हणून बाईंनी नायलॉनची साडी नेसली आणि टाचांच्या चपला चढवल्या. पालखी येणार म्हणून वच्छीच्या सासूने पहाटे उठून अंगण शेणाने सारवलं होतं. ते ओलंच होतं. बाई त्यावरून ठुमकत थेट ओटीच्या पायरीपर्यंत गेल्या. मागे वळून पाहिलं तर अंगणभर भोकं, जणू कोणी भुईमूग टोकायला घेतलाय.

सासू मला काही बोलली नाही. सुनेला म्हणाली, "वच्छे, पाव्हणीने पेरणी केली. आता पाऊस कवा पडतो बघ."

वच्छीने पदर खोचला आणि पुन्हा सारवायला बसली. आणि नलिनीबाई ओटीवर पाय हलवत विचारत होत्या, "तुम्ही सरळ फरशी का नाही घालत इथे?"

तर आता फरशी घातलेली आहे. घर पाडून त्या जागी चार मजली इमारत उभी राहिली आहे, आणि जागेच्या बदल्यात वच्छीला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर मिळालं आहे. सगळीकडे गुळगुळीत लादी. गॅलरीतून अख्खा समुद्र दिसतो. ऋचा धावत गॅलरीत गेली. वच्छीने समुद्राकडे पाठ करून आम्हाला चहा आणि ओल्या काजूची उसळ दिली.

"एवढा समुद्र समोर आणि तू पाठ काय करतेस?"

"त्याला काय बघायचाय? तो काय पळून जातोय?" वच्छी म्हणाली. "जे पळून गेलं ते खाली होतं."

ज्यांनी कोकणातला शिमगा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्या कराडकडे देव देवळात बसतो आणि माणसं रांगेत उभी राहतात. इथे उलट. ग्रामदेवी पालखीत बसून घरोघर हिंडते आणि माणसं आपापल्या अंगणात तिची वाट पाहत उभी. देवी अंगणात बसते, घरची बाई तिची ओटी भरते, गावातला जाणता माणूस घराच्या वतीने गाऱ्हाणं घालतो. वर्षभर बंद असलेली घरं या दिवशी उघडतात. मुंबईचा माणूस दिवाळीची रजा सोडेल, ही सोडणार नाही. आणि ज्या घरापुढे पालखी थांबली नाही त्या घराचं पुढे वर्षभर काय होतं, हे मला कोणी सांगितलं नाही. पण सगळ्यांचे चेहरे बघून विचारायची हिंमतही झाली नाही.

मागच्या वर्षी इमारत अर्धवट होती. पालखी पत्र्याच्या कुंपणापुढे घटकाभर थांबली आणि पुढे गेली. वच्छी रस्त्याच्या कडेला खणनारळ घेऊन उभी होती. ते तिने तिथेच पालखीत घातलं. "पाहुणीला फाटकातून वाटेला लावल्यासारखं," ती म्हणाली. "ह्या वर्षी तसं नाय करणार. ह्या वर्षी बसली तर बसली."

चूक कशी झाली तेही तिनेच सांगितलं. बिल्डरशी बोलताना ती भांडभांड भांडली होती. विहीर बुजवायची नाही. हापूसचं झाड तोडायचं नाही. तुळशीला ऊन लागेल अशी जागा हवी. सगळं मिळालं. "पण देवी बसणार कुठे, ते माझ्या टाळक्यातच नाय आलं गो. संजूच्याही नाय." संजू म्हणजे तिचा मुलगा, मस्कतला असतो. या वर्षी त्याला रजा मिळाली नव्हती. "अंगण असतंच असं वाटलं मला. ते काय मागायचं असतं का? हवा मागतो का आपण?"

मग जागांची चर्चा झाली, ती अशी. खाली पार्किंगमध्ये बसवावी, तर वरच्या चार मजल्यांचे संडास एकावर एक त्याच बाजूला. तिसऱ्या मजल्यावर आणावी, तर चौथ्यावर लोक राहतात. समोरचा मोकळा पट्टा आहे, पण त्याच्या पोटात सेप्टिक टँक. गावचे थोरले मानकरी आबा, वच्छीच्या नवऱ्याचे चुलतभाऊ, येऊन सगळं पाहून गेले होते आणि एकच वाक्य बोलले होते, "वयनी, देवीच्या वर माणूस नको आणि खाली घाण नको. मग सांगा, कुठे?"

पालखी तीन दिवसांनी या वाडीत येणार होती.

किनारा, खाडी, किल्ला

सकाळी ऋचाला किनारा दाखवला. भाट्याचा किनारा सरळ आणि लांब, पायाला घट्ट लागणारी वाळू, कडेला सुरूचं बन. सुरूच्या सुया अंथरल्यासारख्या पडलेल्या असतात आणि वारा त्यांतून लांबवर रेल्वे चालल्यासारखा आवाज काढतो. टोकाला डोंगराच्या पायथ्याशी झरीचा गणपती. खारट समुद्राच्या इतक्या जवळ गोड पाण्याचा झरा, याचं ऋचाला आश्चर्य वाटलं. ओंजळभर पिऊन बघितल्यावर वाटलं; आधी तिने बाटलीतलं पाणी पिऊन घेतलं होतं.

खाडीच्या काठावर बायका कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून पायाने चाचपून मुळे काढत होत्या. मुळे म्हणजे शिंपले, कराडकर वाचकांसाठी. एक बाई वर आली आणि टोपलीतले मुळे तिने फळकुटावर मांडले, छोटे छोटे ढीग करून. या ढिगाला वाटा म्हणतात. इथे वजन नाही, वाटा. घ्यायचा तर अख्खा घ्यायचा, निवडायचा नाही. नलिनीबाईंनी पहिल्या खेपेला याच काठावर एका कोळणीला "अर्धा किलो बांगडे द्या, डोकी नकोत, आणि ते दोन बदला," असं सांगितलं होतं. कोळणीने विचारलं होतं, "बाय, मासं घेतेस का नवरा निवडतेस?" बाई लाल झाल्या होत्या. लाल रंग आपल्याला शोभतो, असाही एक विचार त्यांच्या मनात त्याच वेळी येऊन गेला होता.

मी दोन वाटे मुकाट्याने घेतले. वच्छीने ओल्या खोबऱ्यात त्यांचं सुकं केलं. मी कराडहून नेलेला कांदालसूण मसाला पुढे केला, तर म्हणाली, "तो तुझ्या गाडीतच ठेव. घाटात गाडी बंद पडली तर टाकीत घाल, धावेल."

दुपारी राजवाडा. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं होतं, मरेपर्यंत. वाडा ऐसपैस आहे, लाकडी खिडक्या, वरून खाडी आणि पलीकडे भाट्ये दिसतं. ऋचा म्हणाली, "काय व्ह्यू होता ना राजाला!" मी म्हटलं, "हो, वच्छीसारखा." ती हसली नाही. मलाही हसवायचं नव्हतं.

संध्याकाळी किल्ला आणि दीपगृह. दीपगृहात वर जाऊ देतात, ठरावीक वेळ. नलिनीबाईही वर चढल्या होत्या, आणि वर पोचल्यावर खाली पाहून त्यांनी जाहीर केलं होतं की मी आता इथेच राहीन. नवऱ्याने एक एक पायरी मोजत, बोट धरून, उलटं उतरवलं होतं. या खेपेला भीती वाटली नाही. भीती वाटायला श्वास लागतो, तो उरला नव्हता. मी कठड्याला टेकून बसले. मांडवीची जेट्टी काडीसारखी दिसत होती आणि मिऱ्याच्या डोंगराकडून एक होडी परतत होती.

"आजी, आता याच्या वर काय आहे?" ऋचाने विचारलं.

"याच्या वर काही नाही," मी म्हटलं. आणि तिथूनच वच्छीला फोन लावला.

"वच्छे, तुझ्या वर कोण राहतं?"

"पुण्याचे एक जण. शनिवार-रविवार येतात."

"त्यांच्या वर?"

"पाण्याची टाकी."

"टाकीच्या बाजूला?"

फोनवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"नले," वच्छी म्हणाली, "तुला ओळखते तेव्हापासून पहिल्यांदा कामाचं काय तरी बोललीस. खाली उतर आता. उलटी उतरू नकोस."

गच्ची

गच्चीची किल्ली इमारतीचे सेक्रेटरी इब्राहिमभाई यांच्याकडे असते. मूळचे खाडीपलीकडच्या राजिवड्याचे, आयुष्य जहाजांवर काढलेले, पहिल्या मजल्यावर राहतात. रमजान चालू होता, रोजा सोडून ते नुकतेच बसले होते. वच्छीने सगळं सांगितलं. त्यांनी खजूर पुढे केले आणि विचार केला.

"वयनी, ना नाही. पण वॉटरप्रूफिंग नवीन आहे. तीस-चाळीस माणसं वर नाचली तर?"

"हळू नाचतील."

"शिमग्याला? हळू?" इब्राहिमभाई म्हणाले. "मी काय इथला नाही काय?"

तरी किल्ली दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आले. लिफ्टमध्ये जाईनात, पेटीत बसून वर जायची त्यांना अजून घाई नव्हती. चारही जिने दर पायरीला कुणाला तरी शिव्या घालत चढले. गच्चीवर येऊन उभे राहिले, कमरेवर हात ठेवून मान वर केली.

"वर कोण?"

"कोण नाय," वच्छी म्हणाली.

आबांनी एक घार दाखवली. "ही?"

"तिला वाटेल तेव्हा जाईल ती. भाडेकरू नाय."

आबा हसले नाहीत, पण मिशी हलली. मग त्यांनी पायाने फरशी ठोकली. "वर मिटलं. खालचं काय? मातीवर बसलेली देवी ही. सिमिटावर बसली नाय कधी. पोरं वर आणायला तयार होतील, पण अंगण दाखव मला, वयनी. उद्या येईपर्यंत अंगण दिसलं तर बसेल. नायतर फाटक हायच."

ते गेल्यावर वच्छी खाली गेली आणि तासाभराने परतली ती दोन बादल्या घेऊन. एकीत शेण, एकीत लाल माती. ती लिफ्टने वर येत असताना त्याच लिफ्टमध्ये पुण्याचे गृहस्थ होते, नुकतेच पोचलेले, अत्तर लावलेले. ते चौथ्या मजल्याऐवजी दुसऱ्यावरच उतरले आणि जिन्याने गेले.

गच्चीच्या समुद्राकडच्या कोपऱ्यात, टाकीपासून आणि खालच्या संडासांच्या बाजूपासून लांब, वच्छीने आधी लाल मातीचा थर दिला, पाणी मारून चोपण्याने चोपला, आणि मग शेण. मला हाताला घेतलं. सारवताना हात अर्धगोल फिरवायचा, मागे मागे सरकत यायचं, आपण सारवलेल्यावर आपला पाय पडता कामा नये. एवढं साधं काम मला सत्तरी उलटल्यावर कळलं. माझे अर्धगोल काही ठिकाणी चौकोनी आले. वच्छीने ते न बोलता पुसून पुन्हा काढले. सासूची सून शोभली.

इब्राहिमभाई वर आले आणि नव्या वॉटरप्रूफिंगकडे पाहत उभे राहिले. ते हिरवं होतं. आता त्याचा एक कोपरा तपकिरी होता.

"हे निघतं ना नंतर?" त्यांनी विचारलं.

वच्छी रांगोळीचं पीठ चाळत होती. तिला ऐकू गेलं नाही. अगदी जवळच उभी होती, तरी गेलं नाही.

पालखी

ढोल आधी ऐकू आला, सुरूच्या बनापलीकडून. वच्छीने नऊवारी नेसली होती. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. तिने ताट तीनदा उचललं आणि तीनदा खाली ठेवलं. मस्कतहून संजूचा व्हिडिओ फोन आला होता; ऋचाने तो हातात धरून ठेवला होता. "आई, एवढं काय, फाटकाशीच ओटी भरली असतीस तर काय फरक..." असं तो म्हणायला लागला, आणि वच्छीने ऋचाला सांगितलं, "त्याला जरा समुद्र दाखव."

पालखी फाटकात आली. लाल गुलाल, फुलं, देवीचे चांदीचे मुखवटे, खांद्यावर घेऊन नाचणारी पोरं. फाटकाशी ती थांबली. आबांनी वर पाहिलं, वच्छीने खाली. मग आबांनी नुसता हात जिन्याकडे केला.

पुढचं मी लिहिते आहे तसंच घडलं. पहिला मजला नाचत गेला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पालखी अडकली. पालखीचा दांडा लांब, जिना अरुंद. पुढचे वळले तर मागचे भिंतीत, मागचे सरकले तर पुढचे कठड्यात. ढोल थांबला. वरून बघताना वच्छीच्या हातातलं ताट कलायला लागलं, नारळ घरंगळला तो मी धरला. कोणीतरी म्हणालं, "खाली घ्या, फाटकात बसवू." दोघं-तिघं मागे सरकलेही.

"थांबा रे!" हा आवाज इब्राहिमभाईंचा. तोंडाला कोरड, रोजा, पण जहाजावरचा आवाज. "कोणी मागे येऊ नका! खिडकी उघडा ती!" जिन्याच्या वळणावर हवेसाठी खिडकी होती, तिला अजून जाळी बसलेली नव्हती. "पुढचा दांडा बाहेर काढा. अजून. अजून बाहेर. मागचे खाली वाका. आता डावीकडे फिरवा, हळू, हळू. बस! आता आत ओढा."

खाली रस्त्यावर उभ्या असलेल्यांनी काय पाहिलं असेल, ते ऋचाने नंतर दाखवलं; गच्चीच्या कठड्यावरून वाकून तिने दुसऱ्या हातातल्या स्वतःच्या मोबाइलवर ते टिपलं होतं. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून दांड्याचं एक टोक बाहेर आलं, त्याला झेंडूची माळ, हवेत हललं, आणि आत गेलं. खालचा ढोलवाला एकदम पिसाळल्यासारखा वाजवायला लागला. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर कोणाला काही सांगावं लागलं नाही. इब्राहिमभाई जिन्यातच बसले. कोणीतरी सरबत पुढे केलं, त्यांनी मान हलवली आणि आकाशात सूर्य किती वर आहे ते बघितलं.

पालखी गच्चीवर आली. आबा पुढे. त्यांनी सारवलेल्या कोपऱ्याकडे पाहिलं, वाकले, बोटाने चाचपलं. मग उठले आणि म्हणाले, "बसवा."

देवी बसली. वच्छीने ओटी भरली. रडली नाही. ओटी भरून झाल्यावर तिने पायाखाली पाहिलं; सारवणाची एक कड नाचणाऱ्याच्या पायाने उचकटली होती, ती तिने अंगठ्याने दाबून सारखी केली. आबांनी गाऱ्हाणं घातलं.

"आई महामाये, ह्या तुझ्या लेकीनं अंगण खालचं होतं ते वर आणलंय म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. पुण्याचे गृहस्थही म्हणाले, एक अक्षर उशिरा.

"...तर अंगण जिथं जाईल तिथं तू येत ऱ्हा, वर्साच्या वर्साला, आणि मस्कतच्या पोराला पुढल्या शिमग्याला रजा मिळू दे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" हा एक आवाज ऋचाच्या हातातल्या फोनमधून आला.

निघताना

सकाळी आम्ही निघायच्या तयारीत होतो. वच्छी दिसेना, म्हणून मी गच्चीवर गेले. फुलं, गुलाल, तांदूळ केरसुणीने गोळा करून ती कोपरा झाडत होती. समुद्राकडे तोंड करून. इब्राहिमभाई पाण्याचा पाइप हातात घेऊन दारात उभे.

"वयनी, धुऊन घेऊ? ऊन लागायच्या आधी निघेल."

वच्छीने केरसुणी थांबवली. रांगोळीवर पाय देणाऱ्याकडे पाहतात ना, तसं तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"इब्राहिमभाई, अंगण कोण धुतं?"

त्यांनी पाइप गुंडाळून टाकीवर ठेवला.

मी पुढे सरकले तेवढ्यात पुन्हा समुद्राकडे वळलेली वच्छी मागे न बघता म्हणाली, "नले, चपला."

चपला माझ्या केव्हाच हातात होत्या.